कमरेला टोचतंय!

तर मंडळी, या वीकेंडचा विषय आहे होल्स्टर. म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर कमरेला बाळगायचं कव्हर. हिंदी सिनेमातल्या इन्स्पेक्टरच्या पट्ट्याला लटकत असतं ना, तेच. पुण्यात बसून कोड पाडणाऱ्या, दिवाळीतल्या टिकल्यांच्या बंदुकीपलीकडे काहीही न उडवलेल्या माणसाने यावर लिहावं हे जरा अतीच आहे, मान्य. पण गेले दोन महिने माझे बरेचसे शनिवार-रविवार यातच गेलेत, त्यामुळे तुमची सुटका नाही.

माझे मामा वाशिम जिल्ह्यात असतात, कारंजा भागात. सोयाबीन, तूर आणि थोडा कापूस असा अडतीचा धंदा. सीझनला रोख रकमेची ने-आण असते. बरेच शेतकरी आता पैसे खात्यात घेतात, पण मजुरांचे, गाडीभाड्याचे आणि "मले आजच्या आज पाह्यजेन" म्हणणाऱ्यांचे पैसे रोखच लागतात. काही वर्षांपूर्वी रात्रीच्या वेळी मामांच्या ओळखीतल्या एका व्यापाऱ्याला रस्त्यात अडवून लुटलं. त्यानंतर मामांनी रीतसर अर्ज केला, पोलीस चौकशी झाली, कलेक्टर ऑफिसचे खेटे झाले आणि परवाना मिळाला. घेतलं काय, तर कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्व्हर. (९ एमएम वगैरे बोअर आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाही. त्यामुळे बहुतेकांची धाव बत्तीसपर्यंतच.)

वऱ्हाडात बंदूक ही तशी नवलाची गोष्ट नाही. रानडुकरं आणि रोही पिकात घुसतात, म्हणून पिकाच्या राखणीसाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यातच आहे. पण ती बंदूक मळ्यात खांद्यावर असते, सगळ्यांना दिसते. रोज कपड्यांच्या आत काहीतरी बाळगून हिंडणं हे प्रकरण वेगळं.

फोन मामांचा नव्हता, मामींचा होता.

"बापू, तुह्या मामाले काही समजाव बावा. ते वस्तू कमरेले टोचते म्हनते अन् पैशाच्या बॅगीत टाकून ठेवते. बॅग खुटीले. अन् आता चिऊ चालाले लागली."

चिऊ म्हणजे मामांची नात, वय सव्वा वर्ष. बॅग, पर्स, पिशवी, जे दिसेल ते ओढून उलटं करणं हा तिचा सध्याचा पूर्णवेळ उद्योग. मला घाम फुटला.

मामांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "अरे, लायसन आहे, वस्तू आहे, पन ते कव्हर घालून दुकानात बसनं होत नाही ना. मांडी घातली का बोचते. गाडीत बसलो का बोचते. मंग काढून ठेवतो."

आता आपल्या धंद्यातलं एक उदाहरण बघा. दर महिन्याला पासवर्ड बदला, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, मागचे बारा पासवर्ड चालणार नाहीत... असा नियम केला की माणसं काय करतात? पिवळ्या चिठ्ठीवर पासवर्ड लिहून मॉनिटरला चिकटवतात. शेवटी अमेरिकेच्या निस्ट या मानक-संस्थेनेच २०१७ मध्ये सांगितलं की उगाच ठराविक काळाने पासवर्ड बदलायला लावू नका. सुरक्षेचा त्रास व्हायला लागला की माणूस तिला वळसा घालून जातो. मामांची खुंटीवरची बॅग ही तीच पिवळी चिठ्ठी होती! त्यामुळे "मामा, कमरेलाच ठेवत जा" असं दटावून काही होणार नव्हतं. टोचणारं कव्हर बदलायला हवं होतं.

आधी कायदा वाचला. २०१६ चे शस्त्र नियम सांगतात की सार्वजनिक ठिकाणी परवान्याचं शस्त्र न्यायचं तर ते त्यासाठी बनवलेल्या होल्स्टरसारख्या साधनातच असावं, पूर्ण झाकलेलं असावं, आणि ते बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावं. म्हणजे अमेरिकेत ज्यावर राज्याराज्यांत वाद झडतात ते "झाकून बाळगणं" आपल्याकडे सक्तीचंच आहे. कमरेला बाहेरून लटकवून लग्नात मिरवणाऱ्या भाऊंनी हे जरूर वाचावं. वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी तर २०१९ च्या दुरुस्तीत वेगळं कलमच आलंय, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. असो.

मग रिक्वायरमेंट लिहून काढल्या (सवय!). पहिली, ट्रिगर पूर्ण झाकला गेला पाहिजे आणि कव्हर इतकं कडक हवं की बाहेरून दाबलं तरी आत काही हलणार नाही. दुसरी, वाकलं, पळालं, मोटरसायकलवरून पडलं तरी रिव्हॉल्व्हर बाहेर येता कामा नये. तिसरी, ते बाहेर काढल्यावर कव्हरचं तोंड उघडंच राहिलं पाहिजे, म्हणजे परत ठेवताना दुसऱ्या हाताने चाचपावं लागणार नाही. या तीनमध्ये तडजोड नाही. चौथी, दिवसभर अंगावर राहिलं पाहिजे. आणि पाचवी मामांची: "लय पैसे नाई घालाचे."

इंटरनेटवर होल्स्टरचे प्रकार ढीगभर आहेत, पण ते बहुतेक खुर्चीवर बसणाऱ्या आणि जॅकेट घालणाऱ्या माणसांसाठी. आमचे मामा गादीवर मांडी घालून बसतात, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट बाहेर सोडतात आणि मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत बाजार समितीच्या आवारात उभे असतात. त्यामुळे एकेक प्रकार आपोआप गळत गेला. काखेत लटकणाऱ्याला वरून जॅकेट हवं, उन्हाळ्यात कोण घालणार? घोट्यावरचं मांडी घातली की सगळ्यांना दर्शन देणार. पोटाभोवती गुंडाळायचा इलॅस्टिकचा पट्टा घामाने भिजणार, आणि घाम म्हणजे लोखंडाचा शत्रू. बेंबीच्या बाजूला, पुढे ठेवलं तर बसल्यावर नळी थेट मांडीकडे बघणार, ते मामींनीच नामंजूर केलं. पाठीच्या कण्यावर ठेवलं आणि मोटरसायकल घसरली तर मणक्याखाली लोखंड येणार. उरली एकच जागा: उजव्या कमरेला, हाडाच्या किंचित मागे, पँटच्या आत. घड्याळाच्या भाषेत चार वाजता.

आता वस्तू. पहिलं मागवलं साडेतीनशे रुपयांचं नायलॉनचं. स्वस्त आणि हलकं, पण रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं की तोंड मिटायचं. परत घालताना कापडाची घडी ट्रिगरपाशी जाऊ शकते हे पाहिल्यावर मी ते बाद केलं. (ही सगळी तपासणी रिव्हॉल्व्हर रिकामं करून, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, हातात घेणारे फक्त मामा. हा नियम पहिल्या दिवशीच ठरला होता.) दुसरा पर्याय कायडेक्सचा, म्हणजे कडक प्लास्टिक तापवून साच्यात बसवलेलं. घामाला दाद देत नाही आणि शस्त्र आत गेल्यावर टक् आवाज येतो. पण जी तयार मिळत होती ती परदेशी मॉडेलच्या मापाची. आमच्या कानपुरी रिव्हॉल्व्हरचं गोल चक्र त्यात बसेना. सैल होल्स्टर म्हणजे नुसती पिशवी.

इथे मामांनीच डोकं चालवलं. "आपला चप्पलवाला बनवून देईन ना बे. बैलाचे पट्टे बनवते तो, हे काय मोठं?"

बाजारातले ते कारागीर साठीच्या पुढचे. कातडं बाभळीच्या सालीने कमावलेलं हवं की क्रोमचं, असं त्यांनीच पहिल्यांदा विचारलं. सालीने कमावलेलं कातडं ओलं केलं की आकार घेतं आणि वाळल्यावर तो आकार सोडत नाही, हे त्यांना कुठल्याही व्हिडिओशिवाय ठाऊक होतं. अडचण एकच होती. मापासाठी रिव्हॉल्व्हर त्यांच्याकडे ठेवून येणं शक्यच नव्हतं, परवान्याचं शस्त्र असं दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. मग मामांनी घरी बसून कागदावर बाह्यरेषा काढली, जाडी मोजली आणि सुताराकडून सागाचा हुबेहूब नमुना करून घेतला. वजन कमी भरत होतं, म्हणून भोक पाडून आत नटबोल्ट भरले. झालं आमचं डमी तयार!

कारागिरांनी ओलं कातडं त्या लाकडी नमुन्यावर ताणून बसवलं, सावलीत वाळवलं, दुहेरी शिवण मारली. तोंडाशी जाड पट्टी शिवली, म्हणजे ते मिटणार नाही. वरून एक बंद आणि टिचबटण. अंगाकडची बाजू उंच ठेवली, म्हणजे घाम आणि लोखंड यांच्यामध्ये कातडं राहील. आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मी वाचलेल्या एकाही लेखात नीट सांगितलेली नव्हती: "भाऊ, कव्हर कितीही चांगलं करा, पट्टा लेचापेचा असन तं ते लोंबतेच. अन् लोंबलं का बोचते." फॅशनचा पट्टा वजनाने मुरगळतो आणि कव्हर आडवं होऊन बरगडीत घुसतं. मग दुपदरी कातड्याचा दीड इंची पट्टा पण त्यांच्याकडूनच. शिंप्याने दोन पँटी कमरेत दोन इंच मोकळ्या केल्या. सुतार, शिंपी, कातडं, पट्टा धरून सगळा खर्च दोन हजारांच्या आत.

त्यानंतर आमचं बीटा टेस्टिंग. खरं रिव्हॉल्व्हर लॉकरमध्ये, आणि मामा आठ दिवस लाकडी डमी घालून हिंडले. रोज रात्री मला फोनवर बग रिपोर्ट. पहिला दिवस: गादीवर मांडी घातली की मूठ लोडाला लागते. (कोन थोडा पुढे झुकवला.) दुसरा दिवस: बोलेरोचा सीटबेल्ट लावताना बकल कव्हरवर आपटतं. (कव्हर बोटभर मागे.) तिसऱ्या दिवशीचा बग संडासाचा. पँट सैल केली की पाऊण किलोचा ऐवज घेऊन पट्टा खाली जातो, भारतीय पद्धतीच्या संडासात तर फारच कठीण! यावर उत्तर: आधी घरी किंवा दुकानात तिजोरीत ठेवायचं, मगच जायचं. बाहेर असताना बंद लावलेला आहे ना ते बघायचं, आणि कव्हरमधून रिव्हॉल्व्हर काढून खिडकीत, टाकीवर असं कुठेही ठेवायचं नाही. सहाव्या दिवशी मामा म्हणाले, "आज ध्यानातच नाई राह्यलं का कमरेले काही आहे." मी उडीच मारली. रिलीज!

पण कव्हर चांगलं झालं म्हणून घरातला प्रश्न संपत नाही. कव्हर बाहेरच्या वेळेसाठी. घरी आलं की रिव्हॉल्व्हर रिकामं करून लॉकरमध्ये, काडतुसं वेगळ्या कप्प्यात, किल्ली मामांच्या करदोट्याला. तेही कव्हरमधून काढून, कारण कातडं ओल धरतं आणि पावसाळ्यात लोखंडाला गंज चढवतं. परवाना घेताना शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. मामांनी ती दिली होती, फक्त ती खुंटीवरच्या बॅगेत बसत नव्हती. आता खुंटीवर नुसती बॅग असते, आणि चिऊ ती दिवसातून चार वेळा उलटी करते.

एक गंमत मात्र राहिलीच. टोचायचं बंद झाल्यावर मामा रोज कमरेला लावतील असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुकांच्या आचारसंहितेत त्यांना रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा करावं लागलं होतं. ते आठवून म्हणाले, "तेव्हा काय अडलं? आपन पैसे दुपारीच आनत होतो, दोघं जात होतो." आता हिशेब असा: ज्या दिवशी मोठी रक्कम रात्री आणायची वेळ येते त्याच दिवशी कमरेला, एरवी लॉकरमध्ये. आणि अशी वेळच येऊ नये म्हणून बँकेचं काम दुपारी तीनच्या आत. पूर्वी रोज बॅगेत असायचं कारण ते कुठे आहे याचा विचारच होत नव्हता. आता कमरेला लावायचं म्हणजे पँट वेगळी, पट्टा वेगळा, लॉकर उघडणं आलं. तेवढ्या दोन मिनिटांत "आज खरंच लागते का?" हा प्रश्न विचारून होतो. बरेचदा उत्तर "नाही" असं येतं.

मामींना हे सगळ्यात जास्त आवडलंय. सागाची डमी मात्र त्यांनी चुलीत घातली. घरात खेळणं म्हणूनही तो आकार नको, म्हणाल्या. पटलं मला.

चला, पुरे आता. उद्या सोमवार, पासवर्ड बदलायचाय :-)