पूर्वी इथं ऑनेस्ट एड्स होतं

टोरोंटोत ब्लूर आणि बॅथर्स्ट या रस्त्यांच्या चौकात कुणाला भेटायचं ठरलं, की इथले जुने लोक अजूनही म्हणतात, 'ऑनेस्ट एड्सपाशी थांब.' माझ्याही तोंडून परवा तेच गेलं. भाचा नुकताच शिकायला आलाय. त्याने फोनवरचा नकाशा खालीवर करून पाहिला आणि विचारलं, "मावशी, हे दुकान आहे कुठं?"

"नाहीये आता. पाडलं."

"मग त्याच्यापाशी थांबू कसा?"

प्रश्न बिनतोड होता. ऑनेस्ट एड्स ३१ डिसेंबर २०१६ रोजी बंद झालं. आज तिथे भाड्याच्या घरांचे उंच मनोरे आहेत. तरी चौकाचं नाव आमच्या तोंडी तेच राहिलंय. पुण्या-मुंबईत वाढलेल्यांना यात नवल वाटायला नको. तिथेही टॉकीज जमीनदोस्त होते आणि बसचा कंडक्टर पुढची कित्येक वर्षं तिच्याच नावाने थांबा पुकारत राहतो.

ज्यांनी ते दुकान पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. चौकाचा जवळजवळ अख्खा एक तुकडा अडवून बसलेली, लाल-पिवळी, कित्येक इमारती एकमेकींना जोडून वाढत गेलेली वास्तू. दर्शनी पाटीवर २३ हजार दिवे. संध्याकाळी सहाला अंधारणाऱ्या आणि बर्फाने राखाडी झालेल्या त्या रस्त्यावर ती जत्रा वर्षभर उभी असायची. आत लाकडी जमीन करकरायची, जिने कुठून कुठे जातात ते कळायचं नाही, भिंतीभर जुन्या नाटकांची पोस्टरं आणि नटनट्यांचे फोटो. किमतीच्या पाट्या छापील नव्हत्या. दुकानाचे पगारी रंगारी ब्रशने जाड निळ्या-लाल अक्षरांत त्या रोज रंगवत. पाट्यांवर कोट्या असत, आणि बहुतेक स्वतः मालकावर. एड वेडा आहे, एडची अक्कल स्वस्त आहे, एडचे भावही, अशा धाटणीच्या. १९४८ साली दुकान उघडलं तेव्हाच्या जाहिरातीत म्हणे त्याने सरळ सांगून टाकलं होतं की आमची जागा भंगार आहे, सेवा वाईट आहे, पण भाव मात्र गावात सगळ्यांत कमी.

हा एड म्हणजे एड मर्विश. युरोपातून अमेरिकेत आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा. वडील वारले तेव्हा हा पंधरा वर्षांचा. शाळा सोडून किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसला. पुढे बायकोची, ॲनची, विम्याची पॉलिसी मोडून दोघांनी कपड्यांचं छोटं दुकान टाकलं, त्यातून हे वाढलं. साबण, चड्ड्या आणि पातेली विकून जमवलेल्या पैशांतून या माणसाने १९६३ मध्ये पाडायला निघालेलं रॉयल अलेक्झांड्रा थिएटर विकत घेतलं आणि १९८२ मध्ये थेट लंडनचं ओल्ड विक. आपल्याकडे नाटकवाल्यांनी कर्ज काढून दुकानं टाकल्याचं ऐकलंय, उलटा प्रवास मी तरी हा एकच पाहिला. ख्रिसमसआधी दुकानापुढे फुकट टर्की वाटली जायची आणि त्यासाठी लोक थंडीत तासन्‌तास रांगेत उभे राहायचे. एडच्या वाढदिवसाला जुलैत रस्ता बंद करून सगळ्यांना खाणं. २००७ मध्ये तो गेला, ब्याण्णव वर्षांचा होऊन.

पण मला त्याचं कौतुक या कथांसाठी नाही. नव्याने आलेल्या माणसाला दुकानात शिरताना जी एक बारीक भीती वाटते, ती तिथे वाटत नसे. मोठ्या दुकानांत अत्तर फवारणारी मुलगी हसून पुढे येते, काय हवंय विचारते, आणि आपण नुसते पाहायला आलोय हे इंग्रजीत कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत आपण बाहेर पडतो. एड्समध्ये कुणी काही विचारत नसे. किंमत हातभर अक्षरात लिहिलेली, त्यामुळे डॉलरला रुपयांनी गुणून मनातल्या मनात हाय खायला भरपूर सवड. आमचं पहिलं कुकरच्या आकाराचं पातेलं, पहिलं ब्लँकेट, उशांचे अभ्रे, पायात घालायचे जाड मोजे, सगळं तिथलं. गल्ल्यावर आमच्या पुढे पोर्तुगीज आजी, मागे जमैकाची बाई, बाजूला नुकताच आलेला कुणी तमिळ मुलगा. सगळ्यांच्या पिशव्यांत जवळपास तेच सामान. या देशात आपण एकटेच बावळट नाही, हे मला कुठल्या सरकारी माहितीपुस्तिकेने नाही, त्या रांगेने सांगितलं.

परदेशात मोठेपणी आलेल्या माणसाची एक अडचण असते. या शहरात त्याला बालपण नसतं. इथली शाळा नाही, शाळेबाहेरचा गोळेवाला नाही, पहिला सिनेमा नाही. ऑफिसातले लोक त्यांच्या लहानपणच्या गप्पा मारायला लागले की आपण मान डोलावत कॉफी ढवळत बसायचं. वर्षं जातात, पासपोर्ट बदलतो, बोलण्यातला हेल थोडा सैल होतो, तरी आपण इथले 'जुने' होत नाही. आणि मग एक दिवस आपल्या ओळखीचं एखादं दुकान बंद होतं. नव्याने आलेल्या कुणाला आपण सांगतो, 'पूर्वी इथं अमुक होतं.' हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं ना, तेव्हा मला दुःखाच्या आधी चक्क रुबाब वाटला होता. या गावात माझंही काही हरवलं आहे, म्हणजे माझंही काही होतं.

त्यामुळे बंद दुकानांसाठी गळा काढणाऱ्यांकडे मी जरा संशयानेच पाहते, स्वतःकडेही. २०१४ च्या मार्चमध्ये, दुकान विकलं गेलंय हे कळल्यानंतर, एड्सने जुन्या रंगवलेल्या पाट्या विकायला काढल्या. लोकांनी तासन्‌तास रांगा लावल्या. रांगेत भारी कोट होते, गळ्यात कॅमेरे होते. ब्लँकेटच्या रांगेतल्या आज्या त्यात मला दिसल्या नाहीत. ज्यांनी वर्षानुवर्षं तिथे साधी कात्री घेतली नव्हती ते त्या कात्रीच्या किमतीची पाटी दिवाणखान्यात लावायला घेऊन गेले.

मध्यवर्ती भागातल्या इतर तेराव्यांना मी वरवरच हजर होते. यंग स्ट्रीटवर सॅम द रेकॉर्ड मॅन हे गाण्यांच्या रेकॉर्डचं दुकान होतं, भिंतीवर दोन प्रचंड निऑनच्या तबकड्या गरगरत असायच्या. ते २००७ च्या जूनअखेर बंद झालं. तबकड्यांचं काय करायचं यावर गावाने दहा वर्षं वाद घातला. आता त्या जवळच पूर्वीच्या डंडास चौकाशी एका इमारतीच्या डोक्यावर फिरतात, तिथे लावल्या तेव्हा खाली महापालिकेच्या आरोग्य खात्याचं ऑफिस होतं. एडवर्ड स्ट्रीटवर जगातलं सर्वांत मोठं पुस्तकांचं दुकान, निदान नाव तरी तसंच होतं. एका जुन्या बोलिंगच्या हॉलमध्ये १९८० साली थाटलेलं, दवाखान्यासारखा पांढरा उजेड, सौंदर्य शून्य, पण उभ्याने अख्खं पुस्तक वाचलं तरी कुणी हटकत नसे. २०१४ मध्ये तेही गेलं. त्यानंतर दोन वर्षांनी मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं दुकान बंद झाल्याची बातमी आली, तेव्हा माझ्यातल्या दोन्ही गावांचं सुतक एकत्रच फिटलं.

खरा हादरा मात्र गेल्या वर्षी, २०२५ मध्ये बसला. हडसन्स बे बंद झालं. हे मुळात दुकान नव्हतंच, कंपनी होती. २ मे १६७० रोजी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने सनद दिलेली. मराठी माणसाला ही तारीख लगेच जागेवर बसते. त्याच वर्षी फेब्रुवारीत तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले होते आणि ऑक्टोबरात महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली. ईस्ट इंडिया कंपनीचा हेन्री ऑक्झेंडन रायगडावर राज्याभिषेकाला नजराणा घेऊन आला, त्याला अजून चार वर्षं होती. त्या कंपनीने आपल्याकडे जे केलं तेच तिच्या या बहिणीने इथे केलं. आधी वखार, मग मुलूख. बीव्हर नावाच्या प्राण्याच्या कातड्यांसाठी सुरू झालेला व्यापार, आणि सनदेत मिळालेला प्रदेश आजच्या भारताहूनही मोठा. तिथे आधीपासून राहणाऱ्यांना विचारायची पद्धत तेव्हा नव्हतीच. १८७० मध्ये तो सगळा मुलूख तीन लाख पौंडांना कॅनडाच्या हवाली झाला. ईस्ट इंडिया कंपनी कागदोपत्री विसर्जित झाली ती १ जून १८७४ ला. हडसन्स बेची शेवटची दुकानं बंद झाली तीही १ जूनलाच, २०२५ च्या. एका तारखेचा योगायोग, त्यातून काही सिद्ध होत नाही, पण इतिहासाच्या बाईंची मी लाडकी विद्यार्थिनी असल्याने सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

शेवटच्या आठवड्यांत क्वीन स्ट्रीटच्या मोठ्या दुकानात गेले होते. इथले म्हातारे त्या इमारतीला शेवटपर्यंत सिम्पसन्स म्हणत, कारण बेच्या आधी तिथे त्या नावाचं दुकान होतं. म्हणजे बे बंद होण्याचं दुःख करणाऱ्यांच्या शेजारी आणखी जुन्या दुःखाचे मालक उभे होते. कपडे संपले होते, आता मांडण्या, आरसे आणि कपड्यांचे पुतळे विकायला ठेवले होते. हिरवे, लाल, पिवळे, निळे पट्टे असलेल्या बेच्या प्रसिद्ध घोंगड्या तर केव्हाच संपल्या होत्या. पट्ट्यांचे हक्क आणि नाव कॅनेडियन टायर या दुकानांच्या साखळीने ३ कोटी डॉलरला घेतलं. पट्ट्यांना गिऱ्हाईक मिळालं. आठ हजारांहून जास्त नोकरदारांची नोकरी गेली, आणि दिवाळखोरीच्या कायद्यात त्यांची भरपाई बँका आणि सावकारांच्या मागच्या रांगेत. गल्ल्यावरच्या बाईला मी 'फार वाईट वाटतं' असं म्हटलं. दिवसभर हेच ऐकून तिचा चेहरा थकला होता. "पिशवी हवी?" एवढंच ती म्हणाली.

दुकानं जातात त्याचं खापर आपण ऑनलाइन खरेदीवर फोडतो. ते अर्धंच खरं आहे. इथल्या छोट्या दुकानदाराला विचारलं तर तो तीन अक्षरं सांगेल, टीएमआय. म्हणजे घरपट्टी, देखभाल आणि विमा. भाडं वेगळं, त्याच्या वर हे सगळं भाडेकरूने भरायचं. घरपट्टी ठरते जागेच्या बाजारभावावर, आणि बाजारभावात त्या जागी उद्या किती मजले उठू शकतील तेही धरलेलं असतं. खाली दोन मजली दुकानात तुम्ही समोसे तळताय, पण कर भरताय डोक्यावरच्या न बांधलेल्या टॉवरचा. ओंटारियोत राहत्या घरांच्या भाडेवाढीला निदान काही प्रमाणात लगाम आहे, दुकानाच्या भाड्याला अजिबात नाही. करार संपला की मालक म्हणेल तो आकडा.

आपल्या लोकांचा बाजार जेरार्ड स्ट्रीटला. १९७२ मध्ये तिथे नाझ थिएटर सुरू झालं. उत्तर अमेरिकेत फक्त आपल्याकडचे सिनेमे दाखवणारं ते पहिलं, असं सांगतात. सिनेमाला लांबून येणाऱ्यांना भूक लागायची, म्हणून चाट आली, मग पान, साड्या, किराणा. पुढे व्हिडिओ कॅसेटी आल्या आणि नाझ गेलं. रस्ता राहिला. गिऱ्हाईक हळूहळू ब्रॅम्प्टन आणि मिसिसॉगाला घरं घेऊन निघून गेलं, जिथे पार्किंग फुकट असतं आणि कढीपत्ता कुठल्याही दुकानात मिळतो. ट्राममधून उतरून पोती उचलायची हौस आता कुणाला?

माझा तिथला वाणी गुजराती. त्याच्याकडे पोहे तीन जाडीचे असतात आणि कोणते चिवड्याला हे तो मला न विचारता काढून देतो. गेल्या महिन्यात म्हणाला, "बेन, दिवाळीनंतर बंद करतोय." मी लगेच चेहरा पाडला. भाडं वाढवलं का, विचारलं. भाडं वाढलंय, पण ते कारण नव्हतं. मुलगी दंतवैद्य, मुलगा हिशेबनीस, गल्ल्यावर बसणार कोण? आणि बसावं अशी त्याची इच्छाही नव्हती. सकाळी सातला शटर, रात्री नऊला हिशेब, सुट्टी म्हणून काय ती फक्त ख्रिसमसची. या जन्मात गुडघे एकदाच मिळतात, म्हणाला. बायकोला घेऊन तो आता अहमदाबादला तीन महिने आणि इथे नऊ महिने राहणार. आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. मला उगाच राग आला.

"मग आम्ही पीठ कुठून घ्यायचं?"

"कॉस्टकोतून," तो म्हणाला. "वीस पौंडांची गोणी आमच्यापेक्षा स्वस्त मिळते. आम्ही घरी तीच आणतो."