बैठकीला वही घेऊन जा

कऱ्हाड

चि. ओंकार यास,



तुझं पत्र परवा पोचलं. धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकायला बंदी घालायचं घाटतंय, त्यावर बैठक ठरली आहे आणि तुम्हा गळवाल्यांपैकी दोघांना बोलावणं आलं आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. तू मात्र रागातच लिहिलं आहेस. ‘आम्ही मासा धरतो आणि सोडतो, मग आमच्यावर बंदी कशासाठी?’ हे वाक्य तुझ्या पत्रात तीनदा आलं आहे. बैठकीत ते एकदाही तोंडातून काढू नकोस. खोटं आहे म्हणून नव्हे. तिथं तलावाचा ठेका घेतलेल्या सोसायटीचे लोक असतील, जाळं टाकणारे भोई असतील, खात्याचे अधिकारी असतील. तुमचा छंद टिकावा अशी कळकळ त्यांच्यापैकी कुणाला असायचं कारण नाही. त्या पाण्याबद्दल तुम्हाला असं काय ठाऊक आहे, जे आम्हाला ठाऊक नाही, एवढंच ते विचारतील. त्याचं उत्तर तुझ्याकडे आहे का?

तुझ्या वयात माझ्याकडे नव्हतं. ते मला कावेरीवर मिळालं.

२००१ च्या फेब्रुवारीत मी तिथल्या गालीबोरेच्या, गळवाल्यांच्या तळावर पाच दिवस राहिलो होतो. नाचणीचं पीठ शिजवून त्याचा लिंबाएवढा गोळा गळावर थापायचा, टोपलीसारख्या गोल नावेतून जाऊन खडकांमधल्या डोहात सोडायचा आणि तासन्‌तास बसायचं. माझ्याबरोबरचा वाटाड्या पन्नाशीचा होता. तरुणपणी याच नदीत त्यानं सुरुंग फोडून मासे मारले होते. तळावर पगार मिळायला लागला तसा तो नदीचा राखणदार झाला. तिसऱ्या दिवशी मला महाशीर लागला. तंगुसानं बोटं चिरली, पण चाळीस मिनिटांनी मासा काठाशी आला. वाटाड्यानं आधी स्वतःचे हात ओले केले, गळ काढला, ओल्या कापडाच्या झोळीत घालून वजन केलं. साडेअकरा किलो. मग कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून, माशाचं तोंड प्रवाहाकडे करून, पोटाखाली तळवा धरून तो नुसता थांबला. कल्ले संथ उघडमीट करत होते. शेपटीत जोर आला तसा मासा आपला आपण निघून गेला. मामीनं भिंतीवर लावलेला फोटो त्याचाच.

पण मला आज आठवते ती त्या दिवसाची संध्याकाळ. तळावर एक जाड नोंदवही होती. कुणी किती तास गळ टाकला, काय लागलं, वजन किती, सगळं तीत लिहायचं. पहिल्या दोन दिवसांत मला काहीच लागलं नव्हतं, म्हणून मी ते लिहिलं नव्हतं. वाटाड्यानं त्या कोऱ्या ओळींवर बोट ठेवलं आणि माझ्याकडून तास लिहून घेतले. पुढे शून्य. मला ते उगाच वाटलं होतं.

त्या नोंदींनी पुढे काय सांगितलं ते ऐक. १९९८ ते २०१२ या वर्षांतली गालीबोरेची वही एड्रियन पिंडर, राजीव राघवन या मत्स्यअभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. २३,६२० तास गळ पाण्यात होते आणि ६,१६१ महाशीर लागले होते. तासाला किती मासे लागतात याचा हिशेब मांडला तर आकडा वर चढत होता आणि माशांचं सरासरी वजन उतरत होतं. म्हणजे नवी पिढी येत होती, नदी भरत होती. हा हिशेब शून्यांशिवाय होत नाही, हे तुझ्या ध्यानात येईल. नुसते लागलेले मासे लिहिले तर नदी नेहमीच भरलेली दिसते.

मात्र ही भरभराट निळसर परांच्या महाशीराची होती. कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा. पाठीवर कुबड, नारिंगी पर, जगातल्या सगळ्यांत मोठ्या महाशीरांपैकी एक. १९४६ साली काबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांना १२० पौंडांचा लागला होता, त्याची कीर्ती अजून आहे. हा कुबडवाला वहीत वर्षागणिक कमी होत गेला होता. जे थोडे लागत ते मोठे, जुने. लहान जवळजवळ दिसतच नव्हते. गळवाले वर्षानुवर्षं ‘नदी सुधारली’ म्हणत होते, आणि ज्या माशासाठी ते एवढे लांबून यायचे तोच नदीतून जायला निघाला होता. २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी जागतिक लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून चढला.

आणि तो निळसर परांचा आला कुठून? लोणावळ्याहून, आपल्याकडून. टाटांच्या वळवणच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीराची कृत्रिम पैदास होत आली आहे, आणि त्या काळी ते फार मोठं काम होतं. तिथली बोटुकली राज्याराज्यांत गेली, तशी कर्नाटकातही गेली आणि कावेरीत सोडली गेली. हा मासा आपल्या मुळा-मुठेचा. साइक्स या इंग्रज अभ्यासकांनी पुण्याजवळच्या नमुन्यांवरून १८३९ साली त्याचं वर्णन छापलं आणि शास्त्रीय नावात इथल्या बोलीतलाच शब्द ठेवला, खुद्री. कुबडवाल्याच्या ऱ्हासाला धरणं, वाळूउपसा, सुरुंग हेही कारण आहेतच. पण बाहेरून आणून सोडलेल्या माशानं त्याची जागा घेतली, असं अभ्यासक आज सांगतात. कुणाचा हेतू वाईट नव्हता. मासे जास्त लागत होते आणि आम्ही खूश होतो. माझा साडेअकरा किलोचा खुद्रीच होता. परत येऊन मी सगळ्यांना कावेरी कशी भरली आहे ते सांगत होतो, याचं मला आज वाईट वाटतं.

म्हणून तुला सांगतो, बैठकीत कुणी ‘बोटुकली सोडू, मासे वाढतील’ असा ठराव आणला आणि तुम्हा मंडळींनी लगेच टाळ्या वाजवल्या, तर मला आवडणार नाही. कोणत्या जातीची, कुठल्या नदीतली, त्या पाण्यात आधी काय आहे, हे पहिल्यांदा तू विचार.

२०१२ च्या सुमारास अभयारण्यात गळ टाकणं वन्यजीव कायद्यानं शिकारीतच मोडतं असा अर्थ लावला गेला आणि कावेरीच्या अभयारण्यातले ते तळ बंद झाले. अभयारण्यात कुठल्याच जिवाला हात लावायचा नाही, ही भूमिका मला पटते. पण बेंगळूरची वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया नदीचा पट्टा घेऊन तिथं पहारेकरी ठेवत होती, तळांवर माझ्या वाटाड्यासारखी माणसं दिवसभर काठावर असत. ती माणसं उठली. गळ थांबले त्या दिवशी वहीही थांबली. निर्णय करणाऱ्यांसमोर ती वही वेळेवर गेली असती, तर पकडण्याला बंदी करूनही नोंद चालू ठेवायची काही वाट निघाली असती, असं मला आजही वाटतं. ती अभ्यासकांच्या हाती लागली तेव्हा उशीर झाला होता.

गळवाल्यांना निर्णयात बसवता येतं. तुझा दादा न्यू जर्सीत पट्टेरी बास माशाच्या मागे असतो, त्याला विचार. अमेरिकेत १९७६ च्या कायद्यानं समुद्री मासेमारीसाठी आठ प्रादेशिक परिषदा नेमल्या, त्यांत जाळंवाले, गळवाले आणि सरकार शेजारी बसतात. बासचा कारभार किनाऱ्यावरच्या राज्यांचा वेगळा आयोग बघतो, आणि तोही लोकांचं ऐकून नियम करतो. २०२३ मध्ये २८ ते ३१ इंचांमधलाच बास ठेवायचा, त्याहून मोठा सोडायचा, असं ठरलं, कारण २०१५ साली जन्मलेल्या भरघोस पिढीला पुढच्या पैदाशीसाठी राखायचं होतं. दादा कुरकुरला असेल, पण मोजपट्टी त्याच्या पेटीत असते.

आता भोयांबद्दल. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

गळवाल्यांनी कायद्यात लक्ष घालणं आपल्या देशात नवं नाही. दक्षिण कानडाचे कलेक्टर राहिलेले एच. एस. थॉमस हे गळाचे नादी, १८७३ साली त्यांचं ‘द रॉड इन इंडिया’ निघालं. बारीक आसाची जाळी, विष, अडवणुकीचे सापळे यांविरुद्ध त्यांनी आवाज उठवला होता. १८९७ च्या कायद्यानं पाण्यात सुरुंग आणि विष वापरणं गुन्हा ठरलं, ते आजही गुन्हाच आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या काळच्या साहेबांच्या लिखाणात दोषी नेहमी एकच दिसतो, जाळं टाकणारा गरीब माणूस. ती सवय आपल्यातही उतरली आहे. तुझ्याही पत्रात ‘हे लोक सगळं ओरबाडतात’ असं एक वाक्य आहे. ते मला आवडलं नाही.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात गढूळ पाण्यावर चढणीचे मासे ओढ्यात शिरतात, पोटं गाभोळीनं तटतटलेली असतात. त्या रात्री कंदील आणि टोपल्या घेऊन सगळा गाव उतरतो. मीही लहानपणी उतरायचो. तुझ्या आजोळच्या ओढ्यावरचे एक म्हातारे भोई मात्र त्या आठवड्यात जाळं दांडीला टांगून ठेवायचे. ‘आत्ता घेतला तर दिवाळीला काय खाशील?’ असं मला म्हणाले होते. कुठल्या डोहात मासे अंडी घालायला जातात हे अशाच माणसांना ठाऊक असतं, आणि आपल्यापैकी कुणी त्यांना विचारत नाही. महाडजवळ वाळणकोंडात लोकांनी देवीच्या नावानं महाशीराचा डोह राखला आहे. तिथं गळही नाही आणि जाळंही नाही. तिथल्या गावकऱ्यांना मासे राखायला कुणी बाहेरून शिकवलं नाही.

तेव्हा तू मागण्यांऐवजी कबुली घेऊन जा. चढणीच्या दिवसांत आम्हीही गळ टाकणार नाही. गळाचा काटा चिमट्यानं दाबून चपटा करू. मासा वाळूत आपटून फोटो काढणाऱ्याला आम्हीच काठावरून उठवू. आणि दर रविवारी कोण आलं, किती तास बसलं, काय लागलं, ते तारखेनिशी लिहून तीन महिन्यांनी खात्याला आणि सोसायटीला देऊ. रिकाम्या हातांनी परतलेले दिवससुद्धा. एवढं देणारा माणूस पुढच्याही बैठकांना हवा असं त्यांनाच वाटेल. बंदी तरीही झाली, तर ती मान. पण वही सोडू नकोस, काठावर बसून पाणी बघायला कुणी मनाई करत नाही.

बैठक अजून सहा आठवड्यांवर आहे म्हणतोस, म्हणजे सहा रविवार. येत्या रविवारपासून सुरू कर. आणि बैठकीच्या आधी एक संध्याकाळ भोयांच्या वस्तीवर जा, रॉड घरी ठेवून. त्यांना आधी बोलू दे.

मामीचे आशीर्वाद. वहीची पहिली पानं मला वाचायला पाठव.

तुझा,
अण्णामामा