बोल्टाचे कुलगोत्र

सोयरीक जुळविताना कुलगोत्र विचारणारे आम्ही लोक मोटारीचा बोल्ट मात्र नुसत्या जाडीवर पसंत करतो! व्हिटवर्थने १८४१ साली मांडलेल्या मापांत अर्ध्या इंची बोल्टाला इंचास १२ आटे. त्याच जाडीच्या, भरड आट्यांच्या अमेरिकन बोल्टाला १३. एकाचा नट दुसऱ्यावर सुखाने चढतो, पण सप्तपदी पुरी होण्याआधीच अडतो. तेथे पाना रेटला की आटे गेलेच! म्हणून मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला मी जातो तो जुना बोल्ट खिशात घालूनच. तेथे आटे ताडून पाहतो. बोल्ट मेट्रिक असल्यास डोक्यावरचा ८.८ सारखा बळाचा आकडाही जुळवितो. मुळीच न बसणारा बोल्ट बिचारा प्रामाणिक. बसल्यासारखा भासणाऱ्याच्या भरवशावर घरची माणसे गाडीत कशी बसवावी?