असोद्याच्या भाचीस

प्रिय बाळ,

उत्क्रांतीचा धडा शाळेच्या पुस्तकात आहे, आणि संडे स्कूलमध्ये तो खोटा ठरवला, असं सांगताना फोनवर तुझा आवाज भरून आला. दोन्हींतलं एक सोडावं लागेल या भीतीने तुझी झोप उडाली, हे मला फार लागलं. काहीच सोडावं लागत नाही.

घरचाच कापूस घे. बीटी वाण 2002 साली आलं, तेव्हा त्यातल्या विषाने बोंडअळी पटापट मरायची. त्या विषाला पुरून उरणाऱ्या अळ्या मोजक्याच होत्या. त्याच जगल्या, त्यांचीच प्रजा वाढली. साध्या अळ्याही टिकाव्यात म्हणून सोबत मिळणारी साध्या बियाण्याची पुडी कितीतरी जणांनी पेरलीच नाही, वर हंगाम लांबवून फरदड घेतली, अळीचं फावलं. 2017 मध्ये महाराष्ट्रभर तेच: बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत सरकी पोखरणारी गुलाबी अळी. डोमकळ्या तर तूही वेचल्यास. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच.

अळी शेवटी अळीच राहिली ना, असं कुणी म्हणेल. पंधरा वर्षांत आणखी काय व्हायचं? मोठ्या बदलाला मोठा काळ लागतो, आणि तो पृथ्वीला मिळालाय. आपला खानदेश ज्या काळ्या दगडावर उभा आहे, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. मग जगाचा आरंभ ख्रिस्तपूर्व 4004 मध्ये, याचं काय? हा आकडा पवित्र शास्त्रात कुठेही नाही. तो सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी हिशेबाने काढला. उत्पत्तीचा पहिला अध्याय सावकाश वाच. संध्याकाळ आणि सकाळ पहिल्या दिवसापासून आहेत, सूर्य मात्र चौथ्या दिवशी. हे दिवस आपल्या रोजच्या दिवसांसारखे नसावेत, हे संत ऑगस्टीनने डार्विनच्या चौदाशे वर्षं आधी लिहून ठेवलं. अमेरिकेत डार्विनची बाजू लढवणारे वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे श्रद्धावंत प्रॉटेस्टंट होते. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल तर मठातलेच.

तुझी खरी धास्ती वेगळी आहे: मग मला देवाने घडवलं की नाही? आईच्या पोटात एका पेशीपासून नऊ महिन्यांत तू वाढलीस, हे तुला ठाऊक आहे. तरी देवाने मला घडवलं असं प्रार्थनेत म्हणतेस, आणि ते खरंच आहे. त्याला नऊ महिने चालतात, तर कोट्यवधी वर्षं का चालू नयेत?

पेपरात उत्तर मन लावून लिही. रविवारी उपासना चुकवू नकोस. पाळकसाहेबांना मात्र चौथ्या दिवसाचा प्रश्न नक्की विचार.

तुझी,
मावशी