पाच दिवस, दोन सीएल आणि एक अंदमान

नवीन वर्षाचं कॅलेंडर ऑफिसात आलं की आपण मंडळी आधी काय शोधतो? अप्रेझलचा महिना? छे! सोमवारी किंवा शुक्रवारी आलेले लाल आकडे. एकदा का तसा सोमवार सापडला की कॅन्टीनमध्ये चहाच्या कपांबरोबर नावं फिरायला लागतात. लोणावळा झालं, अलिबाग झालं, गोवा तर इतकं झालं की आता शॅकवाला नावानिशी ओळखतो. मग कुणीतरी टेबलावर हात आपटून म्हणतं, “चला, अंदमान!”

इथपर्यंत सगळे एकमतात असतात. पुढे नेटवरून यादी निघते: सेल्युलर जेल, रॉस, हॅवलॉक, नील, बाराटांगच्या गुहा, वर दिगलीपूर. आणि दिवस किती? तीन!

तेव्हा पहिली गोष्ट स्पष्ट सांगते. तीन दिवसांत अंदमान होत नाही. त्यात फक्त विमानतळ होतात. शनिवार-रविवार-सोमवार हातात असतील तर अलीकडचा शुक्रवार आणि पलीकडचा मंगळवार अशा दोन सीएल टाका. पाच दिवसांत अंदमान छान होतं, पण यादीतली निम्मी नावं निर्दयपणे खोडावी लागतात. आमच्या पाच जणांच्या ग्रुपने गेल्या सीझनला हेच केलं. प्लॅनिंगमधली खरी मेहनत या खोडण्यातच गेली.

सूर्य आपल्या ऑफिस टायमिंगने चालत नाही

नकाशा उघडून बघा. अंदमान चेन्नईच्या पूर्वेला तेराशेहून जास्त किलोमीटरवर, म्हणजे जवळजवळ म्यानमारच्या शेजारी आहे. मुंबईपासून ते वीस रेखांश पूर्वेला, पण घड्याळ मात्र तेच, भारतीय प्रमाणवेळेचं. परिणाम? जानेवारीअखेर तिथे पावणेसहाला उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत सूर्य बुडालेला असतो. डिसेंबरमध्ये तर पाचलाच!

मुंबई-पुण्याच्या हिशोबाने दहाला उठून, बाराला ब्रंच करून, चारला “चला आता बीचवर” म्हणणाऱ्यांच्या हाती अंधार लागतो. म्हणून आम्ही ग्रुपमध्ये एकच नियम केला: पहाटे पाचला उठायचं आणि रात्री नऊला आडवं व्हायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी शिव्या घातल्या, तिसऱ्या दिवशी कुणी अलार्मही लावला नाही.

दुसरा मालक म्हणजे समुद्र. बेटांमधला प्रवास बोटीचा. खासगी कॅटामरान दीड-दोन तासांत हॅवलॉकला पोचवतात, सरकारी बोटी थोड्या निवांत असतात. पण हवा बिघडली की फेरी रद्द, आणि तिथे आपलं “उद्या माझी मीटिंग आहे हो” कामाला येत नाही. म्हणून विमान पकडण्याच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. ज्या दिवशी विमान, त्या दिवशी बोट नाही. या एका नियमावर अख्खा प्लॅन उभा आहे.

आणि हो, १५ ऑगस्टचा लाँग वीकेंड अंदमानसाठी विसरा. मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तिथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो, समुद्र खवळलेला असतो. २६ जानेवारीच्या आसपासचा वीकेंड बेस्ट.

दिवस पहिला : आधी जेल

मुंबई किंवा पुण्याहून पहाटेचं विमान पकडलं की एखादा स्टॉप घेऊन दुपारपर्यंत पोर्ट ब्लेअर. शहराचं अधिकृत नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. रिक्षावाले मात्र दोन्ही नावांना हो म्हणतात. उतरल्या उतरल्या बेटावर पळायचा मोह आवरा. बॅगा टाका आणि सरळ सेल्युलर जेल गाठा. यामागे हिशोबही आहे. पुढे वीकेंड, २६ जानेवारीसारखी राष्ट्रीय सुट्टी, गर्दी आणि बंद दरवाज्याची धास्ती. शुक्रवार त्यातल्या त्यात सुरक्षित. तरी वेळा आधी विचारून घ्याच.

आपल्यापैकी बहुतेकांनी हे जेल शाळेच्या पुस्तकातून पाहिलेलं असतं. प्रत्यक्षात आधी अंगावर येते ती त्याची रचना. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाचे सात हात मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारखे पसरले होते. आज त्यातले तीन उरलेत. एका हातातल्या कोठड्यांचं तोंड दुसऱ्या हाताच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर माणूस दिसताच कामा नये. साडेचार मीटर बाय पावणेतीन मीटरची खोली, उंचावर एक झरोका, आणि दाराची कडी अशी भिंतीत दूर बसवलेली की आतून हात पोचणारच नाही.

सावरकर इथे १९११ ते १९२१ होते. थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते. वरच्या मजल्यावरच्या त्या टोकाच्या कोठडीत मराठी माणसांची रांग असते. आमच्या ग्रुपमध्ये इतिहासावरून रोज वाद घालणारे दोन वीर आहेत. त्या खोलीत दोघंही गप्प होते. बाहेर आल्यावर वाद पुन्हा सुरू झाला तो वेगळा! पण इतर कोठड्यांसमोरही थांबा. बंगालचे बारींद्र घोष, उल्हासकर दत्त आणि कितीतरी जणांनी इथे कोलू ओढलाय. संध्याकाळी आवारातच साउंड अँड लाइट शो असतो, त्याची हिंदी शोची तिकिटं आधीच काढून ठेवा.

दुसरा आणि तिसरा : फक्त हॅवलॉक

नील की हॅवलॉक? दोन्ही करता येतात, पण मग प्रत्येक दिवसाचा अर्धा भाग जेटीवर बॅगेवर बसून जातो. आम्ही नील खोडलं आणि हॅवलॉकला सलग दोन रात्री राहिलो.

डिसेंबर २०१८ पासून या बेटाचं नाव स्वराज द्वीप. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांनी वसवलेली इथली गावं: गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. किनाऱ्यांना मात्र नंबर आहेत. सात नंबरचा बीच म्हणजेच राधानगर. २००४ मध्ये ‘टाइम’च्या आशिया आवृत्तीने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग मिळाला. जेटीपासून बारा-एक किलोमीटर, स्कूटर भाड्याने मिळते. पांढरी बारीक वाळू, आणि पाठीमागे माडांऐवजी उंचच उंच जंगल. कोकणातल्या माणसालाही हे दृश्य नवीन वाटतं. दुपारी साडेतीनलाच पोचा, सूर्यास्ताला जागा धरून बसा. इथे २०१० मध्ये जवळच्या खाडीत खाऱ्या पाण्यातल्या मगरीने एका पर्यटक स्त्रीचा जीव घेतला होता, तेव्हा लाइफगार्ड जिथे नको म्हणेल तिथे हिरोगिरी नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे पूर्वेचा काळापत्थर, सूर्योदयासाठी. मग सकाळीच स्कुबा. पोहता येत नसलं तरी ट्रेनरचा हात धरून बारा मीटरच्या आत नेणारं ‘ट्राय डाइव्ह’ करता येतं. आमच्यातली एक बादलीतल्या पाण्यालाही घाबरते. ती बाहेर आली तेव्हा पोपटमाशाबद्दल अर्धा तास बोलत होती. फक्त लक्षात ठेवा: डाइव्हनंतर निदान १८ तास विमान नाही. पाण्याच्या दाबाखाली शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळलेला असतो. तो हळूहळू बाहेर पडण्याआधी उंचावर गेलात तर त्याचे बुडबुडे होतात आणि प्रकरण हॉस्पिटलपर्यंत जातं. म्हणून डाइव्ह तिसऱ्या दिवशी, परतीच्या आदल्या दिवशी नाही.

रात्री बंगाली पद्धतीची मोहरी घातलेली मच्छी आणि भात. सुरमईचा हट्ट सोडा, त्या दिवशी जाळ्यात काय आलंय ते विचारा.

बाराटांगचं काय?

आमचं खरं भांडण झालं ते इथे. फोटोवाल्या मित्राला बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आणि तिवरांमधली होडी हवीच होती. जागा सुंदर आहे यात शंका नाही. पण रस्त्याने जाताना जिरकाटांगपासून ताफ्यात जावं लागतं, आणि हा अंदमान ट्रंक रोड जारवांच्या राखीव जंगलातून जातो. हा समाज जेमतेम काहीशे माणसांचा. १९९७-९८ पर्यंत ते बाहेरच्यांपासून दूरच होते. संपर्क वाढला आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने राखीव क्षेत्रातला हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला, तरी वाहतूक चालू राहिली. २०१२ मध्ये पर्यटकांसाठी जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याचे व्हिडिओ बाहेर आले तेव्हा जगभर बोंब झाली.

आता तिथे गाडी थांबवायला, फोटो काढायला मनाई आहे. “मग आपण फोटो नाही काढायचे, झालं!” असं मित्राचं म्हणणं. पण गाडीतले सगळे डोळे खिडकीबाहेर कुणाला शोधत असणार, हे त्यालाही माहीत होतं. उत्तर अंदमानात राहणाऱ्यांना दवाखाना, बाजार, कॉलेज यासाठी तो रस्ता लागतो. त्यांचा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे. आपल्याला तो रस्ता फक्त वीकेंडसाठी लागतो. दोन रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर घमासान झाल्यावर तीन विरुद्ध दोन मतांनी बाराटांग खोडलं. मित्र दोन दिवस फुगून होता. वाचलेल्या त्या दिवसात त्याने राधानगरला काढलेला फोटो आता त्याच्या लॅपटॉपचा वॉलपेपर आहे. मत मात्र त्याने बदललेलं नाही.

चौथा आणि पाचवा : हळू हळू परत

चौथ्या दिवशी सकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअर. दुपार हाताशी असेल तर समोरचं रॉस बेट, म्हणजे आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. एकेकाळचं ब्रिटिश कारभाराचं ठाणं; आज तिथल्या भिंती वडा-पिंपळाच्या मुळांनी गिळल्यात आणि हरणं बिनधास्त फिरतात. पाचव्या दिवशी विमान, बुधवारी ऑफिस. डोळ्यांवर झोप नाही, कारण नऊला झोपायची सवय लागलेली!

जाता जाता

• आधी विमान, लगेच बोट, शेवटी हॉटेल या क्रमाने बुकिंग करा. सीझनला बोटीच्या सीट्स भराभर संपतात.
• ओळखपत्र, उलटीची गोळी आणि रोख पैसे हाताशी ठेवा.
• शंख, प्रवाळ वाळूत पडलेले असले तरी उचलू नका. विमानतळावर बॅग तपासतात.
• चेन्नईहून समुद्राखालून आलेली केबल २०२० मध्ये सुरू झाली. त्यामुळे “रेंजच नव्हती हो सर” ही थाप आता पूर्वीइतकी खपत नाही. सुट्टीचा मेल नीट टाका आणि फोन खुशाल बंद करा.
• कॅलेंडरवर सोमवारचा लाल आकडा सापडला की यादी काढा, पेन घ्या आणि खोडायला लागा. नील, दिगलीपूर आमच्याही यादीत अजून आहेत. पुढच्या सीएलसाठी.