बोरघाट आणि लहान ऑटोमॅटिक मोटार

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या मनुष्यास सह्याद्रि चढल्यावांचून गत्यंतर नाहीं. वाहनें बदललीं, पण ही अट कायम राहिली. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतांना, १८३० सालीं, बोरघाटांतून चाकाच्या गाड्यांस जातां येईल असा रस्ता खुला झाला. १८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडी वर चढूं लागली. आणि २००२ सालीं कळंबोलीपासून किवळ्यापर्यंतचा, सुमारें ९४ किलोमीटर लांबीचा द्रुतगति मार्ग संपूर्ण सुरू झाला. तिन्ही वेळां प्रश्न एकच होता. सपाटीवर सहज धांवणारी गाडी सुमारें दोन हजार फूट वर कशी न्यावी, आणि तितकीच खालीं सुखरूप कशी आणावी?

या मार्गावर मोटारीचा एक नवा प्रकार अलीकडे पुष्कळ दिसूं लागला आहे. इंजिन लहान, हजार ते बाराशे घनसेंटिमीटरचें. आंत चार-पांच माणसें, फराळाचे डबे आणि सामान. आणि गिअर बदलण्याचें काम गाडीकडेच सोंपविलेलें. गुडघे दुखणाऱ्या वडील मंडळींची व शहराच्या गर्दींत रोज गाडी नेणाऱ्या लेकीसुनांची क्लच दाबण्याची यातायात चुकली, ही मोठीच सोय होय. परंतु हीच गाडी द्रुतगति मार्गास लागली, कीं मागल्या बैठकीवरून प्रश्न येतो. आमच्या आत्याबाई तो दर प्रवासांत विचारतात, “अरे, ही मधूनच अशी कां ओरडूं लागते? कांहीं मोडलेंबिडलें तर नाहीं ना?” “काळजी करूं नका, आत्याबाई,” एवढ्यानें त्यांचें समाधान होत नाहीं, आणि होऊंही नये. प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तराशीं गाडींतल्या सर्वांच्या जिवाचा संबंध आहे.

प्रथम सपाटीचा विचार करूं. कळंबोली सोडून भाताण व माडप हे बोगदे ओलांडीपर्यंत मोठा चढ असा लागत नाहीं. येथें मोटारींस ताशीं १०० किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगानें गाडी मिनिटास सुमारें १६६७ मीटर जाते. लहान गाडीच्या तेरा इंची चाकाचा परीघ, टायर धरून, सुमारें १.८ मीटर असतो. म्हणजे चाकाचे मिनिटास ९२५ फेरे झाले. वरच्या, म्हणजे पांचव्या, गिअरांत चाकाच्या एका फेऱ्यामागें इंजिनाचे सव्वातीन फेरे होतात असें धरलें, तर इंजिन मिनिटास सुमारें तीन हजार फेरे करतें. मोठ्या इंजिनाच्या गाडींत हाच आंकडा दोन हजारांच्या आसपास असूं शकतो. पिंप घागरीनें भरलें तर थोड्या खेपा होतात, तांब्यानें भरलें तर पुष्कळ. त्यांत तांब्याचा कांहीं दोष नाहीं. लहान इंजिन एका फेऱ्यांत थोडेंच काम करतें, म्हणून फेरे वाढवून तें भरपाई करतें. अशा पेट्रोल इंजिनाची पूर्ण शक्ति साडेपांच-सहा हजार फेऱ्यांच्या सुमारास प्रकट होते. तेव्हां तीन हजार म्हणजे त्याची निम्मी धांव होय.

आतां गिअर आपोआप बदलतात ते कसे? ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंत १९४० सालच्या ओल्डस्मोबिल गाड्यांत अशी गिअरपेटी मिळूं लागली होती, आणि हॉलंडांतील डाफ कंपनीनें १९५८ सालीं पट्ट्यावर चालणारी लहान ऑटोमॅटिक गाडी लोकांपुढें मांडली. आपल्याकडे स्वस्त लहान गाड्यांत ही सोय खरोखर पसरली ती २०१४ सालीं आलेल्या मारुति सेलेरिओपासून. तिच्यांतील पेटी नेहमींच्या हातगिअरचीच. फक्त क्लच दाबण्याचें व गिअर बदलण्याचें काम यंत्र करतें. त्यामुळें गिअर बदलतांना गाडी क्षणभर थबकल्यासारखी वाटते. दुसऱ्या प्रकारांत इंजिन व गिअर यांच्यामध्यें क्लचऐवजीं तेल असतें. त्या तेलामुळें गाडी हळुवार सुटते, आणि वेग आल्यावर आंतील कुलूप बसून दोन्ही भाग एकजीव फिरूं लागतात. तिसऱ्या प्रकारांत गिअरच्या पायऱ्याच नाहींत. दोन कप्प्या व त्यांवरून फिरणारा पोलादी पट्टा यांच्या योगें प्रमाण सरकत सरकत बदलतें. ही पेटी सपाटीवर फेरे पुष्कळ खालीं आणून गाडी शांत ठेविते. परंतु ॲक्सिलरेटर जोरानें दाबला, कीं फेरे आधीं वर चढतात आणि वेग मागून येतो. या गाडींत आवाज एकाच पट्टींत बराच वेळ टिकतो. सवय नसलेल्यास वाटतें कीं कांहीं तरी घसरत आहे. परंतु ती त्या पेटीची रीतच आहे.

खालापूरचा टोलनाका मागें पडला, कीं सह्याद्रीची भिंत डोळ्यांपुढें उभी राहते. पावसाळ्यांत तिच्यावरून असंख्य धारा कोसळत असतात आणि नागफणीचा सुळका ढगांत बुडालेला असतो. खालीं खोपोलीस वरून नळांतून उतरणारें पाणी १९१५ सालापासून वीज निर्माण करीत आलें आहे. पाण्याची ही उतरण ध्यानांत ठेवावी. परतीच्या वाटेवर तिचा उपयोग होईल.

घाटांत मोटारींस ताशीं ६० किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगाला वरच्या गिअरांत इंजिनाचे फेरे अठराशेच भरतात. आतां माणसांसह गाडीचें वजन बाराशे किलोग्रॅम व चढ वीसांत एक असा धरूं. गाडी मिनिटास एक किलोमीटर जाते, म्हणजे हें सारें ओझें दर मिनिटास पन्नास मीटर उंच उचललें जातें. नुसत्या उचलण्यासच सुमारें तेरा अश्वशक्ति लागते. वारा व चाकांचें घर्षण यांचा खर्च निराळा. हजार घनसेंटिमीटरचें इंजिन अठराशे फेऱ्यांत जिवाचा आटापिटा करून वीसएक अश्वशक्ति देईल. म्हणजे खर्च कसाबसा भागला, शिल्लक कांहीं नाहीं. म्हणून पेटी तिसरा गिअर घालते आणि फेरे एकदम तीन हजारांवर जातात. सपाटीवर ताशीं शंभरांच्या वेळीं होते तितकेच हे फेरे आहेत, आणि हिशेब केला तर श्रमही जवळजवळ तितकेच आहेत. सपाटीवर चाकांचा व वाऱ्याचा गोंगाट इंजिनाचा आवाज झांकून टाकतो. घाटांत वेग कमी झाल्यामुळें तोच आवाज उघडा पडतो. आत्याबाईंच्या प्रश्नाचें निम्मे उत्तर हें आहे. खरी चिंता करावयाची ती उष्णतेचा दिवा लागला, जळका वास आला, किंवा पायऱ्यांच्या गिअरची गाडी फेरे वाढूनही वेग घेईना, तरच.

पेटीला मात्र एक उणीव आहे. तिला वेग कळतो, इंजिनावरचा भार कळतो, पायाचा दाब कळतो. पुढचें वळण दिसत नाहीं. चालकानें वळणापाशीं पाय उचलला, कीं तिला वाटतें चढ संपला, आणि ती वरचा गिअर घालते. वळण सरलें, कीं पुन्हां खालचा. ही ओढाताण टाळण्यासाठीं दांडी हातगिअरच्या जागीं न्यावी आणि तिसरा गिअर धरून ठेवावा. तसेंच गर्दींत चढावर खोळंबा झाल्यास, पहिल्या प्रकारच्या गाडीला ॲक्सिलरेटरवर तोलून धरूं नये. ब्रेक दाबून उभें राहावें. नाहीं तर क्लच तापून सुटतो.

आगगाडीची गोष्ट येथें सहज आठवते. तिच्या रुळांस या घाटांत सदतिसांत एकाचा चढ आहे, आणि पुष्कळ गाड्यांना कर्जतेस मागून ढकलणारीं जादा इंजिनें जोडतात. रेल्वेचा मनुष्य पुढचा चढ जाणतो, म्हणून तयारी पायथ्याशींच करतो. मोटारींत ही जाणीव चालकानेंच पुरवावयाची असते.

खंडाळा-लोणावळें आलें, कीं इंजिन आपोआप निवांत होतें, उजव्या हातास लोहगड-विसापूर दिसूं लागतात, आणि सर्वांस वाटतें कीं घाट जिंकला. परंतु गाडीची खरी परीक्षा परतीच्या वाटेवर आहे, आणि गंमत अशी कीं तेथें कोणास आवाज ऐकूं येत नाहीं म्हणून कोणी प्रश्नही विचारीत नाहीं. उतारावर पाय उचलला, कीं पेटी वरचा गिअर घालून फेरे उतरवते. गाडी शांतपणें वेग घेते, आणि सारा भार ब्रेकवर येतो. खोपोलीस उतरणाऱ्या पाण्याची शक्ति वीज होते. उतरणाऱ्या मोटारीची शक्ति कोठें जाते? वजन बाराशे किलोग्रॅम व उतरण ५०० मीटर धरली, तर निघणारी उष्णता अठरा-एकोणीस लिटर पाण्यास उकळी आणील. स्नानाचा बंबच तो! त्यांतला कांहीं भाग वारा घेतो. उरलेला सगळा ब्रेकवर सोडला, तर ते तापून तापून ढिले पडतात, आणि ऐन वळणावर पाय दाबूनही गाडी थांबत नाहीं. या घाटांत उतरणीवर असे अपघात पुष्कळ झाले आहेत.

उपाय सोपा आहे. उतार सुरू होण्यापूर्वींच तिसरा किंवा दुसरा गिअर हातानें धरावा. पट्ट्याच्या गाडींत ‘एल’ अथवा ‘एस’ अशी जागा असते, तींत दांडी न्यावी. कांहीं नव्या पेट्या उतार ओळखून स्वतःच गिअर खालीं आणतात. तरी चालकानें आपला हात तयार ठेवावा. मग फेरे वाढतील, आवाज होईल, आणि इंजिनच गाडीला मागें ओढून धरील. पेट्रोल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रल करून सोडणें हा तर दुहेरी तोटा होय. आजच्या इंजिनांत गिअर घातलेला असून पाय उचललेला असला, कीं पेट्रोल अजीबात बंद होतें. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतें तें जळतच राहतें.

चढतांना गाडीचा आवाज वाढला, तर मागच्या मंडळींनीं निर्धास्त असावें. उतरतांना तो अगदींच ऐकूं येईनासा झाला, तर मात्र चालकास अवश्य विचारावें, “गिअर खालचा घातला आहे ना?” वडिलांच्या अशा एका प्रश्नानें चालकाचा मान कमी होत नाहीं, आणि घरीं सारीं सुखरूप पोंचतात.