चऱ्होलीच्या वाटेवर : पुणे की हैदराबाद?

बुद्धपौर्णिमा होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच चऱ्होलीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, रविवारी वहिनीला घेऊन ये. पोरीच्या पुढच्या शिक्षणाचं ठरवायचंय. घरात दोन मतं झालीत."

भाचीने यंदा अर्थशास्त्र घेऊन बी.ए.ची परीक्षा दिली आहे. एम.ए.साठी तिच्यापुढे दोन वाटा आहेत. एक आपल्या पुणे विद्यापीठाची, म्हणजे २०१४ पासूनच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. दुसरी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठाची. तेथल्या प्रवेशासाठी दिलेल्या परीक्षेत तिला चांगले गुण पडले आहेत. राज्यात राहावे की राज्याबाहेर जावे, हा प्रश्न आज आपल्या समाजातील पुष्कळ घरांत उभा आहे. म्हणून त्या रविवारची हकिकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आम्ही उभयता सकाळी पिंपरीच्या आंबेडकर चौकातून बसने निघालो. भोसरीला बस बदलली आणि मॅगझीन चौकातून आळंदी रस्त्याला लागलो. हा पालखीचा रस्ता. आणखी काही दिवसांनी ज्ञानेश्वरांची पालखी याच रस्त्याने पंढरपूरकडे जाईल. वडमुखवाडीला थोरल्या पादुकांचे देऊळ लागते, तेथून जवळच चऱ्होली फाटा. उन्हाचा तडाखा असा की फाट्यावर उतरताच सौ.नी डोक्यावर पदर घेतला.

चऱ्होली आम्ही तीस वर्षांपासून पाहत आहोत. पूर्वी हे हवेली तालुक्यातील शेतीचे गाव. एका अंगाला इंद्रायणी, टेकडीवर वाघेश्वराचे देऊळ, मळ्यांत ऊस आणि भाजीपाला. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले आणि पाहता पाहता शेतांच्या जागी इमारती आल्या. भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्यांनी येथे कर्ज काढून घरे घेतली, भाड्याने खोल्या घेतल्या. महापालिकेची प्रधानमंत्री आवास योजनेची घरेही येथे झाली. लोहगावच्या बाजूला, चऱ्होलीच्याच हद्दीत, एक खासगी विद्यापीठ उभे आहे. राज्याच्या कायद्याने २०१५ साली स्थापन झालेले हे अजिंक्य डी. वाय. पाटील विद्यापीठ. त्या बाजूच्या चहाच्या टपरीवर उभे राहिले तर हिंदी ऐकू येते, दक्षिणेकडच्या भाषाही कानावर पडतात. परप्रांतातली मुले शिकायला चऱ्होलीला येतात आणि चऱ्होलीची मुलगी परप्रांतात जायची म्हटले की आपल्या घरात बैठक बसते!

बहिणीचे घर दोन खोल्यांचे. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली भाचीची पुस्तके. मेहुणे चाकणला एका कारखान्यात पाळीवर जातात, बहीण एका पॅकिंगच्या शेडमध्ये काम करते. जेवणाला बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि कैरीची चटणी होती. जेवणे उरकली आणि मेहुण्यांनी विषय काढला.

"पाहुणे, पुणे विद्यापीठ काही वाईट आहे का? इथून गणेशखिंडीला दीड तास लागेल, पण रात्री पोरगी घरात असेल. आणि ते हैदराबादचं तुम्हाला माहीत आहे ना?"

त्यांना काय म्हणायचे ते आम्हाला कळले. १७ जानेवारी २०१६ रोजी त्याच विद्यापीठाच्या वसतिगृहात रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने आत्महत्या केली. ती बातमी आपल्या समाजातला कोणताही बाप विसरलेला नाही. खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग भाचीच म्हणाली, "पप्पा, डॉक्टर पायल तडवी तर मुंबईत गेल्या."

तीही गोष्ट खरीच आहे. २२ मे २०१९ रोजी आपल्याच राज्यात, राजधानीच्या शहरात, जळगावकडची ती आदिवासी डॉक्टर मुलगी आपण गमावली. तेव्हा घराजवळ म्हणजे सुरक्षित आणि लांब म्हणजे धोक्याचे, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. मुलगी कोठेही गेली तरी तिने एकटे पडू नये, आपल्या विद्यार्थी संघटनेची ओळख ठेवावी आणि काही झाले तर ते घरी सांगण्याची तिला भीती वाटू नये, याची तजवीज आईबापांनी करायची असते.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगणे भाग पडले. भाचीला ती ठाऊक नव्हती. १९८७ साली आम्ही बी.ए. झालो आणि परप्रांतातील एका केंद्रीय संस्थेत पुढील शिक्षणासाठी अर्ज केला. दाखल्यावर धर्म बौद्ध लिहिला होता. तेथल्या कार्यालयाने सांगितले की केंद्राच्या यादीत बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. नियम तसाच होता. १९५० च्या आदेशात अनुसूचित जातींसाठी हिंदू धर्माची अट होती. १९५६ साली त्यात शीख आले, पण बौद्ध आले नाहीत. महाराष्ट्र सरकारने राज्य स्थापन झाल्यावर आपल्या अधिकारात नवबौद्धांना सवलती दिल्या, पण त्या राज्यापुरत्या. राज्याची सीमा ओलांडली की आपण कोणीच नव्हतो. काही हितचिंतक म्हणाले, दाखल्यावर हिंदू लिहून आणा, कोण विचारतो? आमच्या वडिलांनी धम्मदीक्षेनंतर घरातले देव नदीत सोडले होते. ते एवढेच म्हणाले, "शिकायला जायचं आणि पहिलंच खोटं लिहायचं?" आम्ही परत आलो आणि भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लागलो.

पुढे १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना देशभर सवलती मिळाल्या. ती बातमी आम्ही कारखान्याच्या कँटीनमध्ये वाचली. तोवर आमचे लग्न ठरले होते आणि घरची जबाबदारी अंगावर आली होती. जो दरवाजा आमच्यासाठी बंद होता, तो या मुलीसाठी उघडा आहे. तो आपल्याच भीतीने लावून घ्यायचा असेल, तर निदान पूर्ण विचार करून लावावा, एवढे आम्ही मेहुण्यांना सांगितले.

यानंतर कागद घेऊन बसलो. "राज्याबाहेर" हा शब्द फसवा आहे, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली, केंद्र सरकारची विद्यापीठे व संस्था. यांत २००६ च्या कायद्याने अनुसूचित जातींना १५ टक्के जागा आहेत आणि कोणत्याही राज्यातील अनुसूचित जातीचा विद्यार्थी त्यांवर हक्क सांगू शकतो. हैदराबादचे विद्यापीठ १९७४ चे आणि केंद्रीय आहे. वर्ध्याचे हिंदी विद्यापीठ तर आपल्याच राज्यात आहे, पण तेही केंद्रीयच. दुसरी गोष्ट, दुसऱ्या राज्याची राज्य विद्यापीठे व सरकारी महाविद्यालये. तेथल्या राखीव जागा त्या राज्याच्या यादीतील, त्या राज्याच्या रहिवाशांसाठी असतात. आपला महाराष्ट्राचा दाखला तेथे चालत नाही, खुल्या जागेतून प्रवेश घ्यावा लागतो. आंध्रच्या एका अनुसूचित जमातीच्या मुलाने, वडील मुंबईत नोकरीला असताना, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ती नाकारली. एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप जात नाही, असे न्यायालयाने ठरवले. म्हणून घरात पहिला प्रश्न विद्यापीठ कोठे आहे हा नसावा. ते कोणाचे आहे, हा असावा.

राज्यात राहण्याचेही फायदे आहेत आणि ते लहान नाहीत. राज्याच्या १३ टक्के जागा, आपल्या भाषेची माणसे, घरचा डबा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आपल्या मुलांसाठी राज्याने २०१६-१७ पासून सुरू केलेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनाही आहे. आपल्या राज्याच्या विद्यापीठांना कमी लेखण्याचा अधिकार तर आपल्याला मुळीच नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत आपल्या लोकांची घरे जळाली, माणसे गेली.

पैशाची बाजू मेहुण्यांनी काढली आणि ती काढायलाच हवी होती. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा नियम असा की विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी, ते राज्य शिष्यवृत्ती देते, मग तो शिकायला दुसऱ्या राज्यात का असेना. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. अर्ज कसा करायचा, ते आधीच समाजकल्याण खात्याच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्यावे. पुण्याचे कार्यालय विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात, याच आळंदी रस्त्यावर आहे. शिष्यवृत्ती उशिरा येते हे धरून चालावे आणि पहिल्या सहामाहीचा खर्च हातात ठेवावा.

या बाबतीत बाबासाहेबांचे उदाहरण आम्ही नेहमी देतो. १९१३ साली ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून लंडनला गेले, पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धे टाकून परत यावे लागले. मात्र येताना पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी घेऊन ठेवली. सिडनॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्र नवल भथेना यांची मदत घेतली, १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. पुरी केली. आणि बाहेर शिकलेल्या या माणसाने पुढे काय केले? १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय उभे केले, म्हणजे ज्यांना बाहेर जाता येत नाही त्यांना दारात शिक्षण मिळावे. त्याच मिलिंदमध्ये शिकलेले अमरावती जिल्ह्यातले डॉ. सुखदेव थोरात पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गेले आणि २००६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. राज्यातले शिक्षण आणि बाहेरचे शिक्षण ही एकाच जिन्याची पायरी असू शकते.

इतका वेळ बहीण भांडी घाशीत ऐकत होती. हात पुसून ती बाहेर आली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही सगळं बोललात, पण एक कोणी बोललं नाही. ही पुण्याला गेली तर सकाळी पाणी ही भरणार, धाकट्याचा डबा ही करणार, मी शेडवरून येईस्तोवर संध्याकाळचा स्वयंपाक हीच करणार. त्यात तीन तास बसमध्ये. अभ्यास कधी करायचा? बी.ए. तिनं रात्री दिव्याखाली केलंय, मी पाहिलंय. वसतिगृहात निदान दिवस तिचा असेल."

यावर मेहुणे काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही. मुलगी घराजवळ राहावी असे म्हणताना ती घरकामाला राहावी, असेही आपण त्यात न बोलता म्हणत असतो, हे आमच्या इतक्या दिवसांत ध्यानात आले नव्हते. सौ.नी मात्र मान हलवली. तिचेही शिक्षण असेच सुटले होते.

ऊन उतरल्यावर सगळे नदीकडे गेलो. इंद्रायणीचे पाणी आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी मिसळून त्याला वास येतो, आळंदीला फेस येतो. तरी काठावर जरा वारा होता. ही नदी पुढे तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमा कर्नाटकात जाऊन कृष्णेला. मेहुणे बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे होते. मग भाचीला म्हणाले, "तुला काय वाटतं ते आज पहिल्यांदा विचारतो."

ती म्हणाली, "पप्पा, मला हैदराबादला जायचंय. पण पुण्याचाही अर्ज भरते. तिकडं नंबर लागला नाही किंवा वसतिगृह मिळालं नाही, तर पुणे आहेच. पुण्याला गेले तरी मी रडणार नाही. फक्त पाणी भरायची पाळी भावाला लावा."

सगळे हसले. भाऊ सोडून.

परतताना फाट्यापर्यंत मेहुणे सोबत आले. बस येईपर्यंत ते एवढेच म्हणाले, "उद्या पाळी दुसरी आहे. सकाळी तहसीलला जाऊन दाखल्याचं बघतो." केंद्रीय संस्थांसाठी जातीचा दाखला केंद्राच्या वेगळ्या नमुन्यात लागतो, हे आम्ही दुपारी सांगितले होते. ते त्यांच्या लक्षात राहिले होते.

ज्या घरांत यंदा हाच प्रश्न आहे, त्या आईबापांना आमची एवढीच विनंती. विद्यापीठ कोणाचे, आपला दाखला तेथे चालतो का, शिष्यवृत्ती लागू आहे का आणि राहायची सोय काय, ही उत्तरे लेखी मिळवा. दोन्हीकडचे अर्ज भरा. आणि ती उत्तरे समोर ठेवून मग मुलीला विचारा. आमच्या वेळी विचारण्यासारखे काही नव्हते, नियमानेच उत्तर दिले होते. आज तसे नाही.

जयभीम!